चिमटीतलं मीठ

परक्या माणसाला सकाळी सकाळी "पोट कसं साफ झालं, पातळ की घट्ट?" असं विचारायला अंगात धाडस लागतं. त्रिशलाकडं ते होतं, आणि त्याचा तिला पगारही मिळत होता. कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ती इन्फेक्शन कंट्रोल नर्स होती. एका पेशंटचा रोग दुसऱ्या पेशंटला लागू नये म्हणून पहारा द्यायचा, हे तिचं काम. रोज सकाळी तळमजल्यापासून वरपर्यंत प्रत्येक खाटेपाशी थांबायचं, कुणाला ताप चढला, कुणाची जखम चिघळली, कुणाला उलटी झाली, कोण किती वेळा संडासला गेलं, सगळं खोदून विचारायचं. वॉर्डबॉय पाठीमागं तिला 'जुलाबबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं. तिनं कधी तक्रार केली नाही, कारण नाव काही अगदीच चुकीचं नव्हतं.

दिवाळी सरून थंडी पडायला लागली आणि जुलाबबाईचे दिवस आले. आधी पुरुषांच्या वॉर्डात एका म्हाताऱ्याला उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारच्याला, मग समोरच्याला, मग बायकांच्या वॉर्डात दोघींना. त्रिशलानं नमुने तपासायला पाठवले आणि उत्तर आलं, नोरो. नोरो म्हणजे पोटाचा विषाणू. धडधाकट माणसाला दोन-तीन दिवस लोळवतो आणि सोडून देतो, पण आधीच खाटेला खिळलेल्या माणसाच्या जिवावर उठतो. शिवाय मोठा चिवट. कोरोनापासून जगानं हाताला सॅनिटायझर चोळायची सवय लावून घेतली आणि हात पवित्र झाले असं समजायला लागलं, पण हा गडी सॅनिटायझरला भीक घालत नाही. त्याला साबण आणि वाहतं पाणी लागतं, आणि फरशीला हायपो, म्हणजे ब्लीचचं पाणी. त्रिशलानं हे सांगून सांगून घसा बसवून घेतला. लोक तिच्यादेखत साबण लावत आणि तिची पाठ वळली की पुन्हा ते चिकट थेंब चोळत पुढं जात.

आपल्या खोलीतल्या भिंतीवर तिनं हॉस्पिटलचा नकाशा काढला होता. ज्या खाटेवर उलटी-जुलाब त्या खाटेवर लाल टिकली चिकटवायची. आठवड्याभरात नकाशाला गोवर उठल्यासारखं दिसायला लागलं.

त्यातली एक टिकली तिला सारखी टोचत होती. बाळाबाईची. बाळाबाई गारगोटीकडची. पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालेलं, टाके सुकत आलेले, शनिवारी घरी जायचं ठरलेलं. त्रिशला रोज विचारायची आणि बाळाबाई रोज उत्तर द्यायची, "एवढी चौकशी करतीस तर धुवायला बी ये की गं." सगळा वॉर्ड हसायचा. शुक्रवारी तिला उलट्या सुरू झाल्या त्या थांबेनात. अंगातलं पाणी गेलं, रक्तदाब बसला, किडन्या रुसल्या. आता ती अतिदक्षता विभागात होती, अधूनमधून तिला डायलिसिसच्या मशीनवर घेत होते, आणि डॉक्टर तिच्या मुलीशी बोलताना नजर खाली ठेवत होते. शनिवारी घरी जा असं तिला त्रिशलानंच सांगितलं होतं. हॉस्पिटलात बरी व्हायला आलेली बाई हॉस्पिटलातच मरायला टेकली, याचा त्रिशलाला इतका राग आला की दुःख व्हायलाही सवड मिळाली नाही. हा रोग कुठल्या वाटेनं फिरतोय ते शोधायचं आणि ती वाट बंद करायची, मग कुणी काही म्हणो, असं तिनं ठरवून टाकलं.

पहिला संशय आला डब्यांचा. आपल्याकडं माणूस ॲडमिट झालं की त्याला बघायला जीप भरून पाहुणे येतात आणि प्रत्येक जण डबा आणतो. पोटाच्या ऑपरेशनच्या पेशंटच्या उशाखाली तांबडा रस्सा सापडलेला त्रिशलानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. ती सुपरिंटेंडेंट डॉक्टर पृथ्वीराज यांच्याकडं गेली आणि बाहेरचं खाणं बंद करा म्हणाली. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला पेपरवाल्यांची फार भीती. बाहेरचे डबे म्हटल्यावर दोष बाहेरच्यांचा होत होता, त्यामुळं त्यांनी लगेच सही केली. गेटवर भांडणं झाली. गडमुडशिंगीचा एक गडी डबा हातात घेऊन तासभर वॉचमनशी वाद घालत बसला आणि शेवटी तिथंच पायरीवर बसून सगळं स्वतः खाऊन गेला. पण डबे बंद झाले. सगळे पेशंट आता ट्रस्टच्या स्वयंपाकघरातलं जेवायला लागले.

त्या जेवणाची गोष्ट सांगायला हवी. ट्रस्ट जैनांचा, त्यामुळं कांदा नाही, लसूण नाही, आणि संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत. एवढ्यानंच कोल्हापूरच्या माणसाच्या तोंडचं पाणी पळावं, तर वर ते जेवण अळणी. मऊभात, मुगाची आमटी, दुधीची भाजी, सगळं बिनमिठाचं शिजायचं. कारण रक्तदाबवाले, हृदयवाले, किडनीवाले असे मीठ बंद असलेले पेशंट बरेच, आणि दोन-दोन वेगळे स्वयंपाक कोण करणार? ज्यांना मीठ चालतं त्यांच्या ताटात ते वरून वाढायचं.

आणि ते वाढायचे तात्यासाहेब. ट्रस्टचे जुने विश्वस्त, शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी, आणि त्रिशलाचे सासरे.

जेवणात पानात सगळ्यात आधी मीठ पडतं आणि ते घरातल्या थोरल्यानं वाढायचं, ही त्यांच्या घरची जुनी रीत. पण हॉस्पिटलात वाढायचं कारण निराळं होतं. त्यांची बायको याच हॉस्पिटलात किडनीच्या आजारानं गेली. शेवटी शेवटी ती लहान मुलासारखी मीठ मागायची, एक चिमूट द्या म्हणायची, आणि तात्यांनी ते दिलं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं पाळलं. ती गेली, आणि तेव्हापासून दोन्ही वेळेला हा माणूस चिनीमातीची वाटी घेऊन वॉर्डावॉर्डांतून फिरायचा. डाव्या हातात वाटी, उजव्या हाताची चिमूट. "मीठ चालतंय न्हवं?" असं प्रत्येकाला विचारायचा आणि ताटाच्या डाव्या कोपऱ्यात चिमूट ठेवायचा. माणसं वाट बघायची त्यांची. एकदा त्रिशलानं त्यांना हातमोजे घाला म्हणून सुचवलं होतं. तात्या म्हणाले, "हातमोजं घालून वाढलं तर जेवणाऱ्याचा इटाळ मानल्यागत हुतंय. त्ये मला जमायचं न्हाई." सासऱ्याला सून यापुढं काय बोलणार? तिनं तो विषय सोडून दिला होता.

डबे बंद झाल्यावर आजारी कमी व्हायला हवे होते. ते वाढले. नकाशावरच्या टिकल्या एकमेकींना चिकटायला लागल्या. निशिगंधा नावाची नवी नर्स ड्युटीवरच ओकली आणि "मॅडम, मी घरी जातो, मला उभं ऱ्हावंना" म्हणून भिंत धरून निघून गेली. डॉक्टर पृथ्वीराज यांनी त्रिशलाला बोलावून सांगितलं की तुमच्या बंदीचा उपयोग तर झालाच नाही, उलट लोक चिडलेत, आता जरा शांत बसा, थंडी सरली की आपोआप कमी होईल. त्रिशलानं विचारलं, बाळाबाईला तेवढं थांबायला जमेल का? डॉक्टरांनी पुढची फाईल ओढली.

मग ती स्वयंपाकघराच्या मागं लागली. पाणी तपासलं, चांगलं निघालं. आचाऱ्यांची पोटं तपासली, नखं तपासली, टोप्या, हातमोजे, सगळं जागच्या जागी. भात वाफाळता, आमटी उकळती. तिथं नोरो टिकणं शक्य नव्हतं. मिठाचा विचार तिच्या डोक्यात आला नाही. कसा येणार? मिठात कैरी घातली तर वर्षभर टिकते. मिठानं माणूस आजारी पडलेला कुणी ऐकला आहे?

तिला सगळ्यात जास्त धास्ती होती डायलिसिसच्या खोलीची. तिथली माणसं आधीच अर्धमेली, तिथं हा रोग शिरला तर कापणीच. म्हणून ती रोज तिथं दोनदा जायची. पण नकाशावर ती खोली कोरी होती, एकही टिकली नाही. ती खोली एका कडेला आहे, तिथला संडास वेगळा आहे, म्हणून वाचली असेल, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

त्या खोलीत शांतव्वा यायची. सीमेकडची, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलणारी, तोंडाळ. त्रिशलाला ती 'तंगी' म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. आठवड्यातून दोनदा तिचा मुलगा शशिधर तिला मोटरसायकलवर बसवून आणायचा आणि पुढं चार तास ती मशीनला बांधलेली. त्या दुपारी त्रिशलानं नेहमीचा प्रश्न विचारला आणि शांतव्वा वैतागली.

"काय गं तंगी, सारखं यून त्येच इचारतीस. आमाला काय बी हुईत न्हाई बघ. आमचं जेवण अळणी. माणूस तोंड लावंना त्याला, रोग कशाला लावतोय?"

खोलीतली माणसं हसली, त्रिशलाही हसली. हसत हसत दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. शशिधर पाणी आणायला निघाला होता, तो म्हणाला, "ताई, जरा वाट देतासा?" तिला ते ऐकू गेलं नाही.

ती जवळजवळ पळतच पुरुषांच्या वॉर्डात गेली. त्या दिवशी तिनं कुणाला पोटाचं विचारलं नाही. एकच विचारलं, ताटात मीठ घेता का? पेशंट चक्रावले. पातळ-घट्ट सोडून बाई आज मिठावर कशा आल्या, म्हणून एकमेकांकडं बघायला लागले. पहिल्या खाटेवरचा ओकून ओकून मुरगळलेला, मीठ घेतो म्हणाला. दुसऱ्या खाटेवरचा रक्तदाबाचा, मीठ बंद, तब्येत ठणठणीत. तिसरा आजारी, मीठ घेतो. तीच हवा, तोच संडास, तोच भात. पुढं बायकांच्या वॉर्डात तेच. एखाददुसरा अपवाद निघाला, पण सगळ्यांत अशक्त, सगळ्यांत आधी पडतील असं वाटणारी अळणी माणसं उभी होती आणि मीठ खाणारी आडवी झाली होती. डबे बंद केल्यावर आजार का वाढला, तेही तिला आता कळलं. घरचं चमचमीत खाणाऱ्यांनाही तिनंच त्या मिठाच्या वाटीपुढं आणून बसवलं होतं.

मीठ निर्दोष होतं. दोष चिमटीचा होता.

मग तिला घरचं आठवलं. महिन्यापूर्वी तात्या जयसिंगपूरला पूजेला गेले होते. हजारभर माणसांची पंगत होती. परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाले, आज माझा उपवास हाय. तिसऱ्या दिवशीही उपवास. जैनाच्या घरात म्हातारं माणूस उपवास धरतं तेव्हा कुणी 'का' म्हणून विचारत नाही, उलट पाया पडतात. त्रिशलाही पडली होती. त्याच दिवशी तात्यांनी स्वतःच्या हातानं चादर धुवून गच्चीवर वाळत टाकली होती. कधी रुमालही न धुणाऱ्या माणसानं चादर का धुतली, असं तिच्या मनात आलं होतं आणि कामाच्या गडबडीत निघूनही गेलं होतं. चार मजल्यांवरच्या माणसांचं पोट रोज तपासणाऱ्या बाईला आपल्याच घरातलं कळलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ती डॉक्टर पृथ्वीराज यांच्याकडं गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, तात्यासाहेबांचं नाव घ्यायचं म्हणजे खेळ आहे का? पुरावा कुठं आहे? नमुना घ्या, रिपोर्ट येऊ द्या, मग विश्वस्तांच्या बैठकीत सावकाश बोलू. त्रिशलानं खिडकीबाहेर बघितलं. ऊन उतरलं होतं, संध्याकाळच्या जेवणाची ट्रॉली खालून निघाल्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, "रिपोर्ट येईपर्यंत किती ताटं वाढून होतील सर?" आणि उत्तराची वाट न बघता बाहेर पडली.

बायकांच्या वॉर्डात तात्या नुकतेच शिरले होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, डाव्या हातात वाटी. पहिल्या खाटेवरच्या बाईनं ताट पुढं केलं होतं. त्रिशला मध्ये जाऊन उभी राहिली. तिनं आधी हळू आवाजात सांगून बघितलं, वाटी माझ्याकडं द्या, आज मी चमच्यानं वाढते. तात्या हसून बाजूनं जायला लागले. तिनं पुन्हा सांगितलं. ते जरा चिडले, लोकांचं जेवण गार होतंय म्हणाले. घरी असती तर ती इथं थांबली असती. पण वर बाळाबाईला मशीन लावलेलं होतं.

"तात्या," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज सगळ्या वॉर्डाला ऐकू गेला, "जयसिंगपूरवरनं आल्यावर तुमी उपवास धरलासा. त्यो उपवास हुता, का पोट बिघडलं हुतं?"

तात्यांनी तिच्याकडं बघितलं. या माणसानं बाजारात हयात घालवली होती, पण खोटं बोलला असं म्हणणारा शाहूपुरीत सापडला नसता. त्यांनी मान खाली घातली.

"पोट बिघडलं हुतं. उलट्या बी झाल्या. तू उगं काळजी करशील, मला हिकडं यू देणार न्हाईस, म्हणून उपवास म्हटलो." मग ते म्हणाले, "पर बरं वाटल्यावरच आलो की."

"बरं वाटलं तरी त्यो लई दिस अंगात ऱ्हातोय तात्या. तिथनं हातावर येतोय."

तात्यांनी उजव्या हाताची बोटं डोळ्यांपुढं धरली. त्यांना मीठ चिकटलेलं होतं.

"म्हंजी ती बाळाबाई?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्रिशलाच्या तोंडात ते येऊनही गेलं. पण ज्याला आत्ताच भर वॉर्डात खरं बोलायला लावलं त्याच्याशी खोटं कसं बोलणार?

"असंल," ती म्हणाली.

तात्यांनी वाटी तिच्या हातात दिली. वॉर्डाच्या दाराशी बेसिन होतं तिथं गेले आणि हाताला साबण लावायला लागले. लावला, धुतला, पुन्हा लावला. किती वेळ ते तसेच उभे होते. शेवटी त्रिशलानं जाऊन नळ बंद केला, तेव्हा ते निघून गेले.

हॉस्पिटलात बातमी पसरायला वेळ लागत नाही. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावरच उलटली, असं कॅन्टीनमध्ये कुणी तरी तिला ऐकू जाईल असं म्हणालं. डॉक्टर पृथ्वीराज जिन्यात तिला बघून दुसऱ्या बाजूनं गेले. घरी नवरा, अनेकांत, एवढंच म्हणाला की घरी विचारलं असतंस तर बरं झालं असतं. त्रिशलानं सांगितलं, घरी येईपर्यंत वॉर्डातली जेवणं उरकली असती. त्याला ते पटलं, पण तो ताटावरून लवकर उठला. तिला वाईट वाटलं नाही असं कसं म्हणावं? रात्री उशीत तोंड खुपसून ती रडली, आणि सकाळी उठून पुन्हा तळमजल्यापासून सुरुवात केली. पातळ की घट्ट?

वॉर्ड फिरून आपल्या खोलीत शिरली तर टेबलावर एक पुडकं. प्लास्टिकच्या डबीला वर्तमानपत्र गुंडाळलेलं, त्यावर पिशवी, पिशवीला सुतळीची गाठ. आडतीला गुळाचा नमुना पाठवावा तसं व्यवस्थित. वर तात्यांच्या ठसठशीत अक्षरात त्यांचंच नाव. सुनेनं सासऱ्याकडं तपासणीसाठी असली वस्तू मागायची कशी, या विचारानं ती रात्रभर तळमळली होती आणि तात्यांनी पहाटेच ती आणून ठेवली होती. रिपोर्ट आला. तोच नोरो.

तिनं मग कुणाची गय केली नाही. आजाऱ्यांचा वॉर्ड वेगळा केला, तिथल्या नर्सना दुसरीकडं फिरकू दिलं नाही, फरश्या हायपोनं पुसून घेतल्या, प्रत्येक बेसिनपाशी साबण ठेवला आणि स्वतः पहाऱ्याला उभी राहिली. मीठ आता कागदाच्या बंद पुड्यांतून यायचं. सुरुवातीला काही नवे पेशंट निघाले, कारण आजाऱ्यापासून आजाऱ्याला लागण चालूच होती. मग एक दिवस नकाशावर नवी टिकली लागली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. डॉक्टर पृथ्वीराज तिच्या खोलीत आले, नकाशासमोर उभे राहिले आणि खुर्ची ओढून बसले. त्यांनी माफी मागितली नाही. स्टाफच्या बेसिनपाशी साबण कमी पडतोय, किती मागवू, एवढं विचारलं. त्रिशलाला तेवढं पुरलं.

घरात मात्र ताटाचा डावा कोपरा रिकामाच होता. तात्या स्वतःच्या बोटांनी कशाला शिवायचे नाहीत, आणि थोरल्यानं वाढल्याशिवाय मीठ घ्यायची कुणाची छाती होईना. चार दिवसांनी अनेकांतनं निमूटपणे चमच्यानं वाढायला सुरुवात केली. तात्यांनी आपलं ताट बाजूला ओढलं. ते अळणी जेवत होते. मीठ सोडायचं व्रत त्यांच्यात असतंच, त्यामुळं घरातलं कुणी काही बोललं नाही. त्रिशला बोलली. एकदा न विचारता फसली होती, पुन्हा फसायची तिची तयारी नव्हती.

"तात्या, ह्ये व्रत हाय, का तब्येत बिघडलीया?"

"ह्या बारीला व्रतच हाय," तात्या म्हणाले. "ती बाई मीठ खाईस्तवर मी खाणार न्हाई. इश्वास नसंल तर तपास."

त्रिशलाला तिथंच रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. तात्या जेवत राहिले.

बाळाबाई मात्र गारगोटीच्या मातीची निघाली. एक दिवस तिनं डोळे उघडून चहा मागितला. मग किडन्या हळूहळू रुळावर यायला लागल्या. नमुना चांगला आल्यावर मशीनसाठी तिला डायलिसिसच्या खोलीत शांतव्वाशेजारी झोपवायचे आणि दोघी मिळून ट्रस्टच्या जेवणाला अशा शिव्या घालायच्या की बाकीच्यांची करमणूक व्हायची. मग मशीन थांबलं. ती पुन्हा बायकांच्या वॉर्डात आली. आणि एका दुपारी डॉक्टरांनी तिच्या कागदावर लिहिलं, मीठ चालेल, थोडं.

त्रिशलानं तात्यांना फोन केला. त्यांचे पुढचे नमुने केव्हाच चांगले आले होते, तरी त्यांनी हॉस्पिटलात पाऊल टाकलं नव्हतं. संध्याकाळी ट्रॉलीबरोबर ते आले. दाराशी बेसिनवर थांबले, बाह्या सारून, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून साबण फिरवून हात धुतले. त्रिशला बाजूला उभी राहून बघत होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं, तिनं मान हलवली. मग तिनं वाटी दिली, वाटीत छोटा चमचा होता.

बाळाबाई उशीला टेकून बसली होती. निम्मी राहिली होती. तात्या तिच्या खाटेपाशी गेले आणि त्यांनी वाटी कडेला ठेवून हात जोडले.

"बाई, माझ्यामुळं तुझ्या जिवावर बेतलं. मला क्षमा कर."

तिला सगळं कळलं होतं. असल्या गोष्टी वॉर्डात कळल्यावाचून राहतात का? तिनं त्यांच्या जोडलेल्या हातांकडं जरा वेळ बघितलं.

"त्ये मागनं बघू," ती म्हणाली. "भात गार हुतोय. मीठ वाढा आदी."

तात्यांनी वाटी उचलली आणि चमचा भरला. बाळाबाईनं ताट मागं ओढलं.

"चमचा कशाला? आमचा इटाळ हुतोय व्हय आता?"

तात्यांनी चमचा तसाच धरून ठेवला.

"तुझा न्हवं बाई. माझ्या हाताचा."

बाळाबाईनं ताट पुढं केलं. त्यांनी डाव्या कोपऱ्यात चमच्यानं मीठ ठेवलं. तिनं भात कालवला, घास घेतला आणि आणखी थोडं द्या म्हणाली. तात्यांनी त्रिशलाकडं बघितलं. डॉक्टरांनी थोडंच सांगितलं आहे, असं तिनं सांगितलं, तशी त्यांनी वाटी मागं घेतली. आपल्या बायकोपुढूनही त्यांनी ती अशीच मागं घेतली होती. पण ही बाई ताट संपवून हात धुवायला स्वतःच्या पायांनी बेसिनपर्यंत गेली, आणि तोपर्यंत तात्या तिथंच खाटेपाशी उभे राहिले.